जुन्या मिरजेचं मॉडेल बांधणाऱ्यांना: महालक्ष्मी नंतर, आधी पिकअप चालवा

मिरज जंक्शनची प्रतिकृती करणाऱ्या सर्व मंडळींना, म्हणजे कॉलेजच्या प्रदर्शनासाठी करणारे, गणपतीच्या देखाव्यात बसवणारे आणि घरी प्लायवूडच्या फळीवर हौसेनं रूळ अंथरणारे, अशा सगळ्यांना

स. न. वि. वि.

तुमची महालक्ष्मी एक्स्प्रेस सुंदर पळते. रंग बरोबर, डब्यांचा क्रमही बरोबर. पण ती फळीवर गोल फिरते आणि दोन मिनिटांत बघणारा पुढच्या देखाव्याकडे सरकतो. मिरजेची खरी गंमत स्टेशनाच्या मागे, यार्डात होती. तिथे गाड्या तुटायच्या, नव्यानं जुळायच्या, एका मापाच्या वाघिणीतला, म्हणजे मालडब्यातला, माल दुसऱ्या मापाच्या वाघिणीत पडायचा आणि दर स्टेशनावर दोन-चार वाघिणी टाकत-उचलत जाणारी एक छोटी मालगाडी दिवसभर खेटे घालायची. कागदावर ती सेक्शनल गुड्स, बोलण्यात ‘पिकअप’. आमचा आग्रह एवढाच की तुमच्या मॉडेलची नायिका तिला करा. कशी, ते सविस्तर लिहितो, कारण मालगाडीचं काम फोटो बघून कळत नाही.

आधी साल ठरवा. बहुतेक मॉडेलांत इथेच चूक होते. मिरजेला तीन मापांचे रूळ होते हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून वाफेचं इंजीन, बैलगाड्या, कंदील आणि तीन गेज असा १९५० सालचा देखावा उभा राहतो. १९५० साली मिरजेत ब्रॉडगेज नव्हतंच. पुणे, कोल्हापूर आणि बेळगाव या तिन्ही दिशांना मीटरगेज होतं आणि कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज, जी १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली होती. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. त्यानंतर नव्वदच्या दशकात मिरज–लोंढा मीटरगेज उखडेपर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस वर्षंच, तिन्ही गेज मिरजेत एकत्र नांदले. तीन गेज दाखवायचे असतील तर १९७५ किंवा १९८० धरा. तेव्हा मिरज दक्षिण मध्य रेल्वेत होतं, त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या टोपीवर आणि कचेरीच्या पाटीवर ‘मध्य रेल्वे’ लिहू नका. आणि १९५४ मध्ये बार्शी लाइट सरकारनं घेतली, तेव्हा नॅरोगेजच्या वाघिणींवर जुन्या कंपनीची अक्षरंही नकोत. फार तर एखादीवर पुसट दिसतील अशी ठेवा.

आता माप. तुमच्यातले बरेच जण एचओ म्हणजे १:८७ वापरतात. बाजारातला १६.५ मिलिमीटरचा ट्रॅक परदेशी १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी केलेला असतो. आपलं ब्रॉडगेज १६७६, म्हणजे १:८७ ला १९.३ मिलिमीटर. मीटरगेज ११.५ येतं, त्याला १२ चा ट्रॅक चालतो. बार्शीचं ७६२ मिलिमीटर ८.८ येतं, त्याला ९ चा. एकच गेज दाखवताना १६.५ नं फारसं बिघडत नाही, पण तिन्ही शेजारी ठेवले की डोळा लगेच पकडतो. खरं ब्रॉडगेज मीटरगेजच्या पावणेदोनपटीच्या आसपास, आणि तुमचं जेमतेम १.४ पट. ब्रॉडगेज किरकोळ दिसायला लागतं. ज्याला जमेल त्यानं ब्रॉडगेजच्या दोन-तीन लाइनी तरी हातानं ठोकून १९.३ ला कराव्यात. सांध्यांचे, म्हणजे गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळवणाऱ्या रुळांचे, कोनही बघा. आपल्याकडे मालयार्डात साधारण १ ला ८½ चे सांधे असतात, दुकानात मिळतात ते याहून बरेच तीव्र.

वळणांची गोष्ट उलटी आहे. ब्रॉडगेजला जास्तीत जास्त तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं, म्हणजे फळीवर २ मीटर. मीटरगेजला १०९ मीटर, म्हणजे सव्वा मीटर. नॅरोगेजला ४४ मीटरपर्यंत चालतं, म्हणजे अर्धा मीटर. फळीच्या कोपऱ्यात नॅरोगेज सहज मावते, ब्रॉडगेज मावत नाही. त्यामुळे ब्रॉडगेज सरळ ठेवा, दोन्ही टोकं पडद्यामागे न्या आणि वळायचं काम बार्शी लाइटला द्या. ही लाइन उभारणाऱ्या काल्थ्रॉप साहेबाच्या या गाडीचं सगळं गणितच हलकेपणाचं होतं. कोणत्याही ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही, म्हणून हलका रूळ चालायचा आणि म्हणूनच ती बालाघाटाच्या उतारावरही वळणं घेत जायची.

पिकअप निवडायला सांगण्यामागे जागेचंही कारण आहे. हल्लीची मालगाडी म्हणजे बॉक्सएन जातीच्या ५८ उघड्या वाघिणी, एकेक १०.७ मीटरची. नुसत्या वाघिणी ६२० मीटर, १:८७ ला सात मीटरहून जास्त. एवढी फळी कोणाच्या घरात आहे? जुनी चारचाकी वाघीण आठेक मीटरची, म्हणजे फळीवर नऊ सेंटिमीटर. इंजीन, नऊ वाघिणी आणि ब्रेकव्हॅन, म्हणजे शेवटचा गार्डाचा डबा, मिळून सव्वा मीटरच्या आत बसतात. देशभर वाघिणीगणिक माल घेणं ऐंशीच्या दशकात आटत गेलं आणि पूर्ण रेकचा, म्हणजे अख्ख्या गाडीभर, माल घेण्याचं धोरण आलं, त्याच सुमारास पिकअप संपत गेली. तुमचं साल १९७५ असेल तर ती हक्कानं चालवता येईल.

गाडी कशी लावायची ते आता. मिरजेहून पुण्याच्या दिशेला निघणारी पिकअप घ्या. पुढे सांगली, किर्लोस्करवाडी, कराड अशी कामं. इंजिनाला लागून सगळ्यात जवळच्या स्टेशनाच्या वाघिणी, त्यामागे त्यापुढच्या स्टेशनाच्या, असं करत सगळ्यात लांबच्या वाघिणी ब्रेकव्हॅनजवळ. कारण साधं आहे. इंजीन पुढच्या दोन वाघिणी तोडून घेऊन जाईल, बाकीची गाडी जागेवर उभी राहील. हा क्रम मिरजेच्या यार्डात लावायचा. तिथे आळस झाला की पुढच्या प्रत्येक स्टेशनावर तो वसूल होतो. कराडची वाघीण सांगलीच्या पुढे लागली असेल तर सांगलीत ती उगाच दोनदा हलवावी लागते. ज्वालाग्राही मालाची टाकी असेल तर तिला इंजिनाला लागून ठेवायचं नाही, मध्ये इतर वाघिणी हव्यात. वाफेच्या इंजिनाच्या मागे पेट्रोलची टाकी लावलेलं एक मॉडेल सांगलीतच बघायला मिळालं. असो.

उचललेल्या वाघिणींनी क्रम बिघडतो, ही पिकअपची खरी डोकेदुखी. उचललेली वाघीण पुण्यापर्यंत जायची, तिची जागा मागे. पण इंजीन पुढे आहे, मागे पोचायचं तर इंजीन फिरवून आणावं लागतं. म्हणून ती पुढेच लागते, आणि पुढच्या स्टेशनावर टाकायच्या वाघिणींपर्यंत पोचायला ती सोबत ओढत न्यावी लागते. जसजशी स्टेशनं होतात तसतसा हा पुढचा गठ्ठा वाढतो आणि प्रत्येक हालचाल जड होत जाते. मॉडेलमध्ये हे दाखवाल तर बघणारा उठणार नाही.

एक स्टेशन उलगडून दाखवतो. नाव काहीही द्या, आराखडा आम्ही समजुतीसाठी धरलेला आहे. एक मेन लाइन, एक लूप, म्हणजे दोन्ही टोकांना मेन लाइनला मिळणारी बाजूची लाइन, आणि लुपाला जोडलेली मालधक्क्याची सायडिंग, म्हणजे एका टोकाला बंद असलेली लाइन. सायडिंगचा सांधा गाडीच्या पुढच्या बाजूला, म्हणजे इंजीन पुढे जाऊन मागे ढकलेल तेव्हा वाघिणी सायडिंगमध्ये शिरतील असा. गाडी लुपात घेतली. इंजिनामागच्या दोन वाघिणी, त्यांना अ आणि ब म्हणू, इथे टाकायच्या. धक्क्याला एक भरलेली वाघीण क उभी आहे, ती उचलायची.

गार्डानं ब्रेकव्हॅनचा हातब्रेक कसला, मागच्या दोन-तीन वाघिणींचेही कसले. शंटिंगचा, म्हणजे वाघिणी तोडण्या-जोडण्याच्या हालचालींचा, लेखी हुकूम ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय चाक हलत नाही. सायडिंगच्या सांध्याची किल्ली स्टेशन मास्तरांकडून आली. ‘ब’च्या मागे कपलिंग काढलं, व्हॅक्यूम ब्रेकचा होजपाइप सोडवला. मग: इंजीन अ-ब घेऊन सांध्यापलीकडे, सांधा फिरवून अ-ब ढकलत सायडिंगमध्ये, ‘ब’ला ‘क’ जोडली, तिन्ही घेऊन पुन्हा बाहेर, सांधा सरळ, मागे ढकलून ‘क’ उभ्या गाडीला लावली, ‘ब’ आणि ‘क’ मधलं कपलिंग काढलं, अ-ब घेऊन पुढे, पुन्हा सायडिंगमध्ये, अ-ब धक्क्याला बरोबर दारासमोर उभ्या केल्या, इंजीन एकटं बाहेर, मागे येऊन ‘क’ला लागलं. आठ हालचाली, चार वेळा सांधा, आणि कामाचा हिशेब दोन टाकल्या, एक उचलली. आता फळीवर करून बघा. पंधरा मिनिटं जातील, आणि घाई केलीत तर कुठेतरी ‘अ’ धक्क्यावरच राहील आणि ‘ब’ चुकून गाडीत जाईल.

सायडिंग उलट्या तोंडाची असेल तर? इंजीन वाघिणी ओढत आत शिरेल आणि टोकाच्या अडसराशी अडकेल, वाघिणी त्याच्या मागे, बाहेरचा रस्ता बंद. म्हणून मेन लाइन मोकळी मिळाली तर इंजीन फिरवून गाडीच्या दुसऱ्या टोकाला आणायचं. नाही मिळाली तर त्या वाघिणी पुढे मोठ्या स्टेशनावर नेऊन उलट दिशेच्या पिकअपनं परत पाठवायच्या. सांगलीचा माल सांगलीवरून पुढे जाऊन दुसऱ्या दिवशी सांगलीत आला, याला व्यापारी गोंधळ म्हणायचा. बऱ्याचदा कारण एवढंच असायचं.

एकेरी मार्गावर आणखी एक बंधन. गाडी पुढच्या स्टेशनाकडे जायला टोकन, म्हणजे पुढची वाट मोकळी असल्याची खूण, लागतं. नील्सच्या यंत्रातून निघणारा लोखंडी गोळा, चामड्याच्या पिशवीत, वेताच्या कड्याला लावलेला. शंटिंग करताना ठरलेल्या हद्दीच्या फलकापुढे इंजीन न्यायचं असेल तर शेजारच्या स्टेशनाशी बोलणं करून परवानगी घ्यावी लागते. गठ्ठा लांबला की नेमकी हीच वेळ येते. त्यातच एक्स्प्रेसची वेळ झाली की सगळं सोडून पिकअप लुपात निमूट उभी. मॉडेलमध्ये घड्याळ लावा आणि मध्येच एक्स्प्रेस सोडा, खेळाला धार येते.

हाताचे इशारे चुकीचे दाखवू नका. रुळाशेजारच्या छोट्या माणसांच्या हातात बहुतेक जण नुसता हिरवा झेंडा देतात आणि मोकळे होतात. शंटिंगमध्ये हिरवा झेंडा सावकाश वर-खाली म्हणजे माझ्यापासून लांब जा. तोच अंगासमोरून आडवा, या बाजूहून त्या बाजूला, म्हणजे माझ्याकडे ये. जोडणीसाठी अगदी हळू यायचं असेल तर गुंडाळलेले दोन्ही झेंडे डोक्यावर धरून एकमेकांजवळ आणायचे. रात्री हिरवा दिवा डोक्यावर धरून मनगटानं फिरवायचा. थांबायला लाल, आणि हातात काहीच नसेल तर दोन्ही हात वर. वीसेक वाघिणी वळणावरून ढकलताना शंटर ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून मध्ये एक माणूस उभा राहून इशारा पुढे पोचवतो. तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरनं थांबायचं, अंदाजानं चालवायचं नाही. वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर नाही, स्फोटक मालाच्या वाघिणी असतील तर ८. १:८७ ला १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच सेंटिमीटरपेक्षा कमी. तुमच्या इंजिनाला हे जमत नसेल तर आधी कंट्रोलर बदला. रंगकाम नंतर.

जोडणारा माणूस कधी आत शिरतो तेही दाखवण्यासारखं आहे. जुन्या वाघिणीला दोन बाजूंना बफर आणि मध्ये आकडा, त्यात स्क्रू कपलिंग. वाघिणी एकमेकींना टेकल्या, इंजीन पूर्ण थांबलं, ड्रायव्हरला इशारा पोचला, मगच तो बफरांखालून वाकून मध्ये जातो, आकड्यात कडी टाकतो, स्क्रू आवळतो, मग पाइप जोडतो. गाडी हलत असताना मध्ये माणूस उभा केलेला देखावा करू नका. ते दृश्य ज्यानं प्रत्यक्ष पाहिलंय त्याला बघवत नाही.

ब्रेकची गोष्ट थोडी खोलात, कारण यार्डातल्या बहुतेक भानगडी इथून सुरू होतात. व्हॅक्यूम ब्रेकमध्ये इंजीन गाडीभरच्या पाइपातली हवा ओढून ठेवतं, तोवर ब्रेक सुटलेले राहतात. पाइप सोडला की हवा आत शिरते आणि ब्रेक लागतात. त्यामुळे इंजिनापासून तोडलेली वाघीण जागेवर घट्ट बसते. नवख्याला वाटतं झालं काम. पण सिलिंडरमधला उरलेला व्हॅक्यूम हळूहळू गळतो, आणि तो गेला की ब्रेक आपोआप ढिले पडतात. तासाभरापूर्वी दगडासारखी उभी असलेली वाघीण आता वाऱ्यानंही हलू शकते. म्हणून हातब्रेक कसायचा, चाकाखाली लाकडी गुटके घालायचे आणि साखळी-कुलूप लावायचं. नंतर आलेल्या हवेच्या ब्रेकमध्ये, जिथे पाइपात ५ किलोचा दाब असतो, यंत्रणा वेगळी पण गळतीचा धोका तोच.

उतारही लक्षात घ्या. स्टेशनाच्या यार्डात १ ला ४०० पेक्षा तीव्र उतार ठेवत नाहीत, १ ला १२०० पसंत करतात. दोन मीटर फळीवर १ ला ४०० म्हणजे एका टोकाला अवघे पाच मिलिमीटर. मॉडेलच्या वाघिणी खऱ्यापेक्षा फार सुळकन पळतात, तेव्हा लेव्हल बाटली लावून फळी तपासा. सायडिंगमध्ये दोन स्लीपरांच्या मध्ये टूथब्रशचे चार केस उभे चिकटवा, ॲक्सलला टेकतील इतकेच. तुमचा हातब्रेक झाला. आणि सायडिंग लुपाला मिळते तिथे ट्रॅप पॉइंट हवाच. पळालेली वाघीण मेन लाइनवर जाण्याऐवजी तिथेच रुळावरून उतरावी यासाठी तो असतो. सांध्याअलीकडे फाउलिंग मार्कही लावा. वाघिणीचं टोक त्यापुढे राहिलं तर शेजारच्या लाइनवरची गाडी घासते. ‘थोडीशीच पुढे आहे’ म्हणून सोडून दिलेल्या वाघिणीनं यार्ड बंद पडतं.

आता मिरजेचं खास काम, माल बदलण्याचा धक्का. सगळ्यात कमी मॉडेलांत तो दिसतो आणि सगळ्यात जास्त माणसं तिथेच लागतात. धक्क्याच्या एका बाजूला ब्रॉडगेज, दुसऱ्या बाजूला मीटरगेज किंवा नॅरोगेज. तिन्ही वाघिणींच्या तळाची उंची वेगळी, त्यामुळे धक्का एकीला बरोबर आला तर दुसरीला फळी टाकून चढ-उतार करावा लागतो. ब्रॉडगेजच्या चारचाकीत वीस टनांहून थोडा जास्त माल, म्हणजे क्विंटलाची दोनशेहून जास्त पोती. बार्शी लाइटच्या वाघिणीला चार ॲक्सल, प्रत्येकी ५ टन, म्हणजे वाघिणीच्या स्वतःच्या वजनासकट एकूण २० टन. हिशेब इथेच फाटतो: एका ब्रॉडगेज वाघिणीतला माल एका नॅरोगेज वाघिणीत मावत नाही. दुसरी अर्धवट भरते, उरलेली जागा दुसऱ्या कोणाच्या मालानं भरायची, आणि मग दोन पावत्यांची पोती एका वाघिणीत. लातूरच्या तुरीत मिरजेची साखर मिसळली नाही तरी पोत्यांची संख्या हमखास घोळायची. मुकादम दाराशी उभा राहून पाचापाचानं मोजतो, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. एक रेघ चुकली की एक पोतं कमी.

मालाचे स्वभावही वेगळे. हळदीच्या पोत्यांना हमालाचा हूक लागला की धूळ पिवळी आणि वजन कमी. गुळाच्या ढेपा उन्हात पाझरतात, तळाला चिकटतात. त्यानंतर त्याच वाघिणीत साखर भरायची तर तळ धुऊन, वाळवून घ्यावा लागतो. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला, तिथून काचसामान गवतात बांधून जायचं. प्रभाकर कंदिलांच्या खोक्यांची वाघीण धक्का देऊन सोडायची नसते, इंजिनानं जागेपर्यंत नेऊन टेकवायची. किर्लोस्करवाडीला पंप आणि नांगरांचा कारखाना. तिथे उघड्या वाघिणी आणि ओतीव लोखंडाचा माल दाखवलात तर शोभेल. पावसाळ्यात बंद वाघीण भरण्याआधी एक माणूस आत शिरून दोन्ही दारं लावून घेतो. अंधारात छतातून किंवा भिंतीतून जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणी येणार. मॉडेलमध्ये हे दिसणार नाही, पण एक दार अर्धवट लावलेलं आणि बाहेर खोळंबलेला हमाल एवढं ठेवलं तर जाणकार ओळखेल.

दिवसातनं दोनदा तरी यार्डात वही घेऊन फिरणारा नंबरटेकर हवा. वाघीण नंबर, लेबलवरचं ठिकाण, सील शाबूत आहे का, एवढं तो लिहून घेतो. त्याच्या मागे टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासनीस, लांब दांड्याचा हातोडा घेऊन. चाकावर ठोकलं की ठणठणीत आवाज यावा, बद्द आला तर तडा. जुन्या वाघिणींच्या ॲक्सलबॉक्समध्ये तेलात भिजलेला सुताचा बोळा असायचा. तेल आटलं की बेअरिंग तापून धूर येतो, त्याला हॉटॲक्सल म्हणतात. अशा वाघिणीवर खडूनं ‘सिक’ लिहून ती बाजूच्या लाइनवर टाकतात. खडूच्या खुणा मॉडेलवर जरूर करा. वाघिणीच्या बाजूला गावांची नावं, आकडे, फुल्या, एकावर एक, अर्धवट पुसलेल्या. कारखान्यातून आत्ताच आल्यासारखी चकचकीत वाघीण मिरजेत क्वचितच दिसायची.

मालधक्क्याच्या कचेरीत दोन शब्द सारखे ऐकू यायचे आणि लोक ते एकच समजायचे. वाघीण ठरल्या वेळेत रिकामी केली नाही तर डेमरेज. वाघीण रिकामी केली पण माल धक्क्यावरच पडून राहिला तर व्हार्फेज. व्यापारी डेमरेज टाळायला माल घाईनं खाली टाकतो आणि व्हार्फेज भरतो. ताडपत्रीखाली पोत्यांची थप्पी आणि शेजारी रिकामी वाघीण ठेवा, ही गोष्ट आपोआप सांगितली जाईल.

ज्यांना अलीकडचं साल करायचं आहे त्यांच्यासाठी एक सुचवणी. एप्रिल २०१६ ची, दुष्काळातली लातूरची पाणीगाडी. कोट्याच्या वर्कशॉपमधून स्वच्छ करून आणलेल्या टाक्या मिरजेत भरल्या आणि ३४२ किलोमीटरवर लातूरला नेल्या. पहिल्या खेपेला १० टाक्या, ५ लाख लिटर. पुढे ५० टाक्यांचा रेक, २५ लाख लिटर. टाकीला ५० हजार लिटर, म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली नाही. ही बीटीपीएन जातीची टाकी सत्तर हजारांच्या आसपास लिटर मावेल एवढी मोठी, पण ती पेट्रोल-डिझेलसाठी केलेली. पाणी त्याहून जड. वाघिणीसकट एकूण ८१ टनांची मर्यादा, त्यातले २७ टन टाकीचे स्वतःचे, उरले चोपन्नेक टन. त्यामुळे टाकी वर रिकामी ठेवावीच लागते, आणि अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हेलकावे खातं म्हणून गाडी सुटताना-थांबताना हात हळू ठेवावा लागतो. ही गाडी धावली तो मार्ग बहुतांशी बार्शी लाइटचाच, फक्त आता ब्रॉडगेजचा. म्हणजे धक्क्यावर काही बदलावं लागलं नाही. नॅरोगेजच्या काळात एवढं पाणी न्यायचं म्हटलं असतं तर त्याचा हिशेब वरच्या पोत्यांसारखाच करून बघा.

शेवटी ब्रेकव्हॅन. मागच्या टोकाला, तिच्यामागे एकही वाघीण नको. दिवसा एलव्ही, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’, अशी पाटी, रात्री लाल दिवा. गाडी स्टेशनातून गेली की मास्तर आधी ही पाटी बघतात. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मध्ये कुठे तुटून वाघिणी राहिल्या नाहीत, आणि मगच मागचा ब्लॉक, म्हणजे मागच्या स्टेशनापासूनची लाइन, मोकळा देता येतो. तुमचं मॉडेल बघायला आलो की आम्ही इंजिनाकडे नंतर बघू, आधी गाडीच्या शेपटाशी वाकून ती पाटी आहे का ते शोधू.

आपले,
सांगली–मिरजेचे काही मालगाडीवेडे